एका हलक्या शब्दाचा अर्थ

खर्डा,
४ ऑक्टोबर २०२४

सर, नमस्कार.

मी मनकर्णा, अमृतची आई. तुम्ही मोबाईल ठेवत नाही आणि घरच्या फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते. अकरावी-बारावीला अमृत शेवगावला मामाकडे होता, पण मामाकडे फक्त झोपायला जायचा. बाकी सगळा वेळ तुमच्या ओसरीवर, तुमच्या अनीशबरोबर. इंग्रजी तुम्हीच त्याला शिकवलंत. तो गेला तेव्हा तुम्ही आलात, माझ्यासमोर हात जोडून उभे राहिलात आणि एक शब्द न बोलता परत गेलात. बाकीचे फार बोलत होते. मला तुमचं न बोलणं बरं वाटलं होतं.

येत्या वद्य सप्तमीला त्याचं वर्षश्राद्ध आहे. फोटो मोठा करून घ्यायचा म्हणून त्याचा मोबाईल वर्षाने कपाटातून काढला. मोनिकाने, माझ्या सुनेने, तो चार्ज केला, उघडून माझ्या हातात दिला आणि धारा काढायला गेली. फोटो शोधताना अनीशला पाठवलेले निरोप दिसले. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ते मला वाचता येतं. एक शब्द मात्र अडला. शेवटच्या शुक्रवारचा आहे. शनिवारी तो कामाच्या गावाहून, सुप्याहून, मोटारसायकलवर घरी यायला निघाला आणि आलाच नाही, त्याच्या आदल्या दिवसाचा.

शब्द असा आहे: बमर. बी, यू, दोन एम, ई, आर.

तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा चौथीपर्यंत. मालक गेल्यावर अमृतच्याच जुन्या पुस्तकांवरून मी इंग्रजी अक्षरं लावायला शिकले. तुम्ही त्याला दिलेला शब्दकोश माझ्यापाशी आहे. त्यात हा शब्द नाही. अनीशला जर्मनीत विचारायला जीभ रेटत नाही. मोनिकालाही विचारवत नाही.

नुसता अर्थ नको. माणूस तो शब्द कधी म्हणतो, मोठ्या दुःखात की लहान, ते कळवा. माझं त्यावर काम अडलं आहे.

मनकर्णा

◆

शेवगाव,
११ ऑक्टोबर २०२४

मनकर्णाताई, सप्रेम नमस्कार.

पत्र पोचले. तुमचे अक्षर पाहून समाधान वाटले. बीएडच्या मुलांचे अक्षर असे नसते.

तुमचा शब्द कोशात नाही, कारण तो कोश जुना आहे आणि शब्द बोलण्यातला. तरुण मंडळी आपसात वापरतात, वडीलधाऱ्यांपुढे नाही. एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही, हिरमोड झाला, की म्हणायचे, बमर. आपण ‘च्च, काय हे’ म्हणतो, तेवढेच. नगरची एसटी डोळ्यांदेखत सुटली, बमर. सामना रंगात आला आणि वीज गेली, बमर. मोठ्या दुःखासाठी हा शब्द चालत नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्यासमोर कुणी तो उच्चारला तर तो उद्धटपणा ठरेल. हलका शब्द आहे. म्हटला आणि विसरला, अशा जातीचा.

तेव्हा अमृतच्या मनाला काही लागले होते, असा अर्थ यातून काढू नका. शनिवारी सुट्टी उशिरा मिळणार असेल, गाडीचे काही बिघडले असेल. तो आनंदी मुलगा होता. माझ्या ओसरीवर त्याच्याइतके हसणारे दुसरे कुणी नव्हते.

एक सुचवू का? फोटो मिळाला असेल तर मोबाईल बंद करून ठेवून द्या. गेलेल्या माणसाचे कागद चाळत बसू नये. त्यातून हाती काही लागत नाही आणि मागे राहिलेल्यांचे मन कशातच लागत नाही.

अंबिकेचा नमस्कार.

आपला,
शामकांत

◆

खर्डा,
१९ ऑक्टोबर २०२४

सर,

उत्तर दिलंत, उपकार झाले. तुमचं पत्र तीनदा वाचलं. पण मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. अर्ध्या प्रश्नाला अर्धंच उत्तर मिळणार.

तो सगळा मजकूर आता उतरवून देते.

अमृत: ‘मोनिकाचं नाव लागलं. जीएनएम, नगर. तीन वर्षं.’

अनीश: ‘मस्त रे! कधी जॉइन?’

अमृत: ‘आई नको म्हणाली. बमर.’

अनीश: ‘मग आता?’

अमृत: ‘दिवाळीत बोलतो परत. सरांनाही लिहिलंय.’

एवढंच आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगचं शिक्षण. कोणत्या सरांना लिहिलं ते कळलं नाही. कॉलेजातले असतील.

म्हणजे सर, तो शब्द माझ्यावर आहे. एसटीवर नाही आणि गाडीवरही नाही.

मी नको का म्हणाले ते सांगते. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला न्याय करता येणार नाही. लोकांना मी सांगितलं की तरणी सून तीन वर्षं नगरला वसतिगृहात कशी ठेवायची. अमृतलाही तेच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मोनिका आल्यापासून दुपारच्या दोन ते चार मला मोकळ्या मिळायला लागल्या. भाकरी ती करायची, दूध ती बघायची, शेळ्या ती बांधायची. वयाच्या पन्नासाव्या वर्षी मला पहिल्यांदा दिवसाउजेडी पुस्तक घेऊन बसता आलं. ते सुटेल म्हणून मी नको म्हणाले. माझं वाचन तिच्या शिक्षणावर उभं होतं.

तिने एकदाच विचारलं. मी नको म्हटल्यावर ‘बरं आत्या’ म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

आता दुसरी गोष्ट. अमृतचा दहावा ऐन दिवाळीत आला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. ओढ्यावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर बसलेही होते, पण गावात फटाके चालले होते. एक माळ तडतडली की सगळे उडून जायचे. जो तो पुढे होऊन बोलत होता. आईला सांभाळू. विहिरीचं काम पुरं करू. शेळ्या विकणार नाही. कावळा खाली येईना. ऊन चढलं. शेवटी माझे दीर अजिनाथ पुढे झाले. रडत होते. म्हणाले, ‘अमृता, मोनिका ह्या घरातनं कुटं जानार न्हाई. तिला आमी अंतर देनार न्हाई. जा आता निवांत.’ आणि कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

तेव्हा फटाके थांबले होते. हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी ते मनातून काढून टाकलं. कारण मोनिका घरातच राहणार, हे मला हवंच होतं.

आता भाऊजी म्हणतात, वर्षश्राद्ध झालं की तुळशीच्या लग्नानंतर मोनिका आणि त्यांचा करण यांचं लावून टाकू. करण अमृतचा चुलत भाऊ, टेम्पो चालवतो, मुलगा वाईट नाही. म्हणजे ती घरातच राहील आणि मेलेल्याला दिलेला शब्दही राहील. १७ नोव्हेंबरला सुपारी, २४ला लग्न. मोनिकाला विचारलं तर म्हणते, ‘तुमी म्हनाल तसं.’

मी जामखेडला जाऊन चौकशी केली. नर्सिंगच्या रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी याही साली अर्ज घेतात. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.

तुम्ही लिहिता, शब्द हलका आहे. मी मानते. पण शेजारीण विचारते, ‘कशी हायेस?’ मी म्हणते, ‘बरी हाय.’ तोही हलकाच शब्द आहे. शब्द हलका असला म्हणजे बोलणाऱ्याचं मनही हलकं असतं का, हे कोशात लिहिलेलं नसतं. तुम्ही त्याला ओळखत होतात. त्याला खरंच तेवढंच वाटलं असेल, की एसटी चुकली, दुसरी येईल, तर मी गप्प बसेन आणि लग्न होऊ देईन. त्याच्या मनात ते खोल गेलं असेल, तर मी हे लग्न मोडेन आणि मोनिकाला नगरला स्वतः सोडून येईन. भावकी काय म्हणायचं ते म्हणो.

एवढं एक सांगा. लगेच सांगा.

मनकर्णा

◆

खर्डा,
७ नोव्हेंबर २०२४

सर,

उत्तर आलं नाही. दिवाळीत टपाल अडकतं, म्हणून वाट पाहिली. आता तब्येतीची काळजी वाटते. अंबिकाताईंना दोन ओळी लिहायला सांगितल्यात तरी चालेल. हो किंवा नाही, एवढंच.

वर्षश्राद्ध झालं. फोटो छान आला आहे. त्यात तो हसतो आहे, पण तो सगळ्याच फोटोंत हसायचा. त्यावरून काही कळत नाही.

सुपारीला दहा दिवस आहेत.

मनकर्णा

◆

शेवगाव,
२५ नोव्हेंबर २०२४

मनकर्णाताई,

तब्येत ठीक आहे. हे वाक्य लिहिताना हात थांबला, कारण त्यामुळे मला कसलीच सबब उरत नाही.

अमृतने ज्या सरांना लिहिले होते तो मी.

त्याचे पत्र मागच्या साली ३१ ऑक्टोबरला आले. सोबत जोडले आहे. तुम्ही ते वाचाल, म्हणून त्यात काय आहे ते मी सांगत नाही. मी त्या दिवशी ते अंबिकेला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘लगेच लिहा हो त्याच्या आईला. तुमचं ऐकतील त्या.’ मी म्हणालो, ‘दिवाळी होऊ दे. सणासुदीला दुसऱ्याच्या घरात कशाला तोंड घालायचं?’ खरे तर त्यातही काही तत्त्व नव्हते. आळस होता. तीस वर्षे मुलांना निबंध वेळेवर द्या म्हणून छड्या मारलेला माणूस मी. पत्र टेबलाच्या खणात ठेवले. चार दिवसांनी तो गेला.

तुमच्यासमोर हात जोडून उभा होतो तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होते, ताई. देणार होतो. तुमचा चेहरा पाहून धीर झाला नाही. नंतर वाटले, आता देऊन काय उपयोग, उगाच त्रास. असे वर्ष गेले. तुमचे पहिले पत्र आले तेव्हा मी ओळखले की तुम्ही कशाच्या जवळ आला आहात, आणि मी तुम्हाला मोबाईल बंद करून ठेवायला सांगितले. शब्दाचा अर्थ मी खोटा सांगितला नाही. पण खरा अर्थ सांगूनही माणसाला फसवता येते, हे मला या वयात कळले.

तुमचे दुसरे पत्र आले आणि मी आजारी माणसासारखा पडून राहिलो. रोज उत्तर लिहायला बसायचो. तीन मसुदे फाडले. त्यांतल्या एकात तर मी असेही लिहिले होते की त्याला विशेष काही वाटले नसेल, लग्न होऊ द्या. ते पोस्टात टाकले नाही, एवढेच काय ते चांगले घडले. काल अंबिकेने तुमची नंतरची दोन्ही पत्रे वाचली. ती माझ्याशी बोलत नाही. तिनेच तारखा बोटांवर मोजल्या आणि तुमची २४ तारीख कालच होती, हे मला दाखवले.

लग्न पुढे गेले असेल, अशी वेडी आशा आहे. ३० तारीख अजून आहे. झाले नसेल तर मोडा. माझे नाव सांगा. बोलावलेत तर मी येईन आणि भावकीसमोर उभा राहून सांगेन.

क्षमा मागत नाही.

शामकांत

(सोबतचे पत्र)

सुपे,
२८ ऑक्टोबर २०२३

सर,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून दहा वर्षांनी पेन हातात धरलाय. अक्षराला हसू नका.

मोनिकाचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलंय. आई नको म्हणते. ती वाईट नाही, तुम्हाला माहितीय. बाबा गेल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं असेल तर ती दुपार. ती पुस्तक घेऊन बसते ते बघायला मला पण आवडतं. म्हणून मी भांडलो नाही.

पण सर, मोनिका हुशार आहे. आजी होती तेव्हा तिचा पाय भाजला, तर मोनिकानेच रोज पट्टी बदलली, डॉक्टरसुद्धा बघत राहिले. ती काही बोलत नाही. बोलत नाही म्हणून तिला काही नकोय असं होत नाही ना.

मी ठरवलंय. दुधाला गडी बघतो, भाकरीला शेजारची मावशी येईल. आईची दुपार तशीच राहील. हे मी सांगितलं तर तिला वाटेल सुनेची बाजू घेतो. तुम्ही लिहिलं तर ती ऐकेल. तुमचं पत्र आलं की ती दोन दिवस उशाशी ठेवते.

तेवढं लिहा. लगेच लिहा, प्रवेशाची तारीख जवळ आहे.

तुमचा,
अमृत

◆

खर्डा,
८ डिसेंबर २०२४

सर,

तुमचं पाकीट २८ नोव्हेंबरला मिळालं. लग्न चोवीसलाच झालं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. सुपारीच्या दिवशी सगळे ओसरीवर बसले होते, तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, ‘हे लग्न अमृतच्या मनासारखं नाही.’

भाऊजी म्हणाले, ‘वयनी, कावळा शिवला तवा तुमीच हात जोडलं हुतं.’

‘फटाके थांबले म्हणून शिवला.’

‘मंग फटाके कुनी थांबिवलं?’

कुणीतरी हसलं. भाऊजी हसले नाहीत. ते वाईट नाहीत सर. त्यांनी मेलेल्याला शब्द दिला आहे आणि तो पाळायला पोटचा पोरगा पुढे केला आहे. ते म्हणाले, ‘बरं, त्याच्या मनात काय हुतं? तुमाला ठावं आसंल तर सांगा. आत्ता मोडतो.’

मला काय ठाऊक होतं? माझ्यापाशी एक शब्द होता. मी तो म्हणाले. बमर. एवढी माणसं माझ्याकडे बघत राहिली. माझी जाऊ म्हणाली, ‘जास्त वाचल्यावर आसंच व्हतंय. बसा जाऊबाई, पानी घ्या.’ मी बसले.

त्या वेळी ते पत्र माझ्या हातात असतं तर मी मोठ्याने वाचलं असतं. मला वाचता येतं.

अठ्ठावीसला ते वाचलं आणि उठून भिंतीपलीकडे भाऊजींच्या घरी गेले. मोनिका हिरव्या चुड्याने भाकरी थापत होती. तिला म्हटलं, ‘हात धू.’ पत्र दिलं. तिने चुलीपुढेच उभं राहून वाचलं. मी म्हटलं, ‘अजून दोन दिवस आहेत. चल, आत्ताच्या गाडीने नगरला जाऊ. करणशी मी बोलते, भाऊजींशी बोलते. माझी दुपार गेली खड्ड्यात.’

ती रडली नाही. पत्राची घडी होती तशीच घातली. म्हणाली, ‘आत्या, आदी तुमाला इचारलं. आता ह्यांना इचारू. ह्ये हो म्हनले तर मामांजींना इचारू. मला न्हाई आता इचारवत कुनाला.’

मी म्हटलं, ‘विचारायचं नाही. जायचं.’

‘तवा आसं का न्हाई म्हनलात?’

तिने पत्र माझ्या हातात ठेवलं. ‘तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. हितं ठेवाया जागा न्हाई.’

मी उंबऱ्यापर्यंत आले. तिने मागून विचारलं, ‘सुपारीत तुमी त्यो शब्द म्हनलात, त्यो तुमाला कुनी सांगितला?’

मी म्हटलं, ‘मोबाईलमध्ये होता. तुला ठाऊक आहे?’

‘व्हय. दूध नासलं की म्हनायचे. बमर, मोनिका. मी इचारायची, म्हंजी काय? तर म्हनायचे, म्हंजी काय न्हाई. दुसरं दूध आनू.’

एवढं बोलून ती परत भाकरीला बसली. तव्यावरची करपली होती. तिने ती उलटली नाही, तशीच बघत राहिली.

म्हणजे सर, तुम्ही दिलेला अर्थ बरोबर होता. त्याला लहानच गोष्ट वाटली होती. तुम्ही दोन ओळी लिहिल्या असत्या, मी एक शब्द मागे घेतला असता, तर ती लहानच होती. तो माझ्यावर रुसलाही नव्हता. हे कळून मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. त्याने रागाने काही लिहिलं असतं, तर निदान मी वेळेवर घाबरले असते.

३० तारीख गेली. मी त्या दिवशी ओढ्यावर जाऊन बसले होते. कावळे बाभळीवर होते. कुणी फटाके वाजवत नव्हतं. त्यांना काही सांगावंसं वाटलं नाही.

आता दूध मी बघते. भाकरी एकटीपुरती. दोन ते चार रिकामे असतात, पण पुस्तक उघडलं की पलीकडून तिच्या बांगड्या वाजतात. तुमचा शब्दकोश वेगळ्या टपालाने परत पाठवला आहे. अमृतचं नाव पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात आहे, ते तसंच राहू द्या.

अंबिकाताईंना सांगा, त्यांनी तुमच्याशी बोलायला सुरुवात करावी. मी पण नको म्हणताना तुमच्याइतकाच वेळ घेतला असता तर, असं माझ्याही मनात येतं. मी एका क्षणात म्हणाले, तुम्ही वर्षभर म्हणाला नाहीत. मोनिकाच्या वाट्याला दोन्ही सारखंच आलं.

या पत्राला उत्तर लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लिहिणार असाल तर सावकाश लिहा. आता कसलीच तारीख जवळ नाही.

मनकर्णा